जलप्रिय शिकारी श्वानाचा इतिहास, स्वभाव आणि संगोपन : लॅब्राडोर रिट्रीव्हर व मुळशी तालुका यांच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासलेखनात पशूंचा विचार प्रामुख्याने युद्ध, वाहतूक आणि शेती यांच्या अनुषंगाने केला जातो. घोडा, हत्ती, बैल आणि उंट यांच्यावाचून दख्खनचा इतिहास पूर्ण होत नाही. कुत्र्याचा उल्लेख मात्र दंतकथा, समाधी व म्हणी यांपुरताच सीमित राहिलेला दिसतो. वास्तविक पाहता कुत्रा हा मानवाने माणसाळविलेला सर्वांत प्राचीन प्राणी होय. शिकार, राखण, गुराखीपण आणि अलीकडच्या काळात पोलीस तपास अशा विविध कामांत त्याचा वाटा आहे. त्यामुळे कुत्र्याच्या एखाद्या जातीचा इतिहास हा एका अर्थाने मानवी श्रमाचाच इतिहास ठरतो.

प्रस्तुत निबंधात लॅब्राडोर रिट्रीव्हर या जलप्रिय शिकारी जातीचा विचार केला आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका हा संदर्भ निवडण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, या तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडी, माण, मारुंजी यांसारखी झपाट्याने नागरी झालेली गावे असून पश्चिमेस ताम्हिणीचे अरण्य, मुळशीचा जलाशय व त्याभोवती उभी राहिलेली शेतघरे आहेत. या दोन्ही ठिकाणी लॅब्राडोर हा परिचित पाळीव प्राणी झाला आहे. दुसरे कारण असे की, शिकारी कुत्र्याची एक जुनी देशी परंपरा याच डोंगराळ भागात होती व तिचे पुढे काय झाले हे येथे पाहता येते. जातीचा स्वभाव हा तिने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या कामातून घडतो. काम सुटले तरी स्वभाव सुटत नाही. म्हणून संगोपनाचा प्रश्न हा इतिहासाच्या आकलनाचाही प्रश्न आहे, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

दख्खनमधील कुत्रा : कोरड्या माळाची परंपरा

महाराष्ट्रात माणूस आणि कुत्रा यांचे साहचर्य ताम्रपाषाण काळापर्यंत मागे नेता येते. प्रवरेच्या काठी असलेल्या दायमाबाद येथे १९७४ साली ब्राँझच्या वस्तूंचा प्रसिद्ध संचय सापडला. त्यातील दोन बैलांच्या रथात चालक उभा असून रथाच्या दांडीवर एक कुत्रा दाखविला आहे. रथाच्या इतक्या महत्त्वाच्या जागी कारागिराने कुत्र्याला स्थान द्यावे, ही गोष्ट तत्कालीन समाजातील त्याच्या दर्जाविषयी बरेच काही सांगून जाते. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेबरोबरच सारमेयविनोदाचाही, म्हणजे कुत्र्यांच्या खेळाचाही, अंतर्भाव केलेला आढळतो. यावरून कुत्र्यांची पारख हा राजदरबारी विद्येचा भाग होता, असे म्हणता येईल. साताऱ्याजवळील संगम माहुली येथे छत्रपती थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी दाखविली जाते, ती याच परंपरेची लोकमानसातील खूण होय.

दख्खनच्या शिकारी कुत्र्याचे स्वरूप मात्र येथील भूमीने ठरविले. मराठवाडा, दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक या प्रदेशांत आढळणारा कारवानी कुत्रा, त्याचा केसाळ भाऊबंद पश्मी आणि बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या नावाने ओळखला जाणारा कुत्रा हे सर्व नजरेने शिकार करणारे आहेत. लांब पाय, खोल छाती, सडपातळ पोट, अरुंद डोके आणि अंगावर चरबीचा अंशही नाही, अशी त्यांची ठेवण असते. उघड्या माळावर ससा किंवा काळवीट दिसताच सुसाट धावून त्याला गाठणे हे त्यांचे काम. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांच्या पैदाशीस उत्तेजन दिले आणि त्यांची एक जोडी ब्रिटिश सम्राट पंचम जॉर्ज यांस भेट दिली. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांवर काढलेल्या तिकिटांत मुधोळचा समावेश होता, तर २०२० साली कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या नोंदीत या जातीस अधिकृत स्थान मिळाले.

या परंपरेत पाण्यात उतरून शिकार आणणाऱ्या कुत्र्याची जात निर्माण झाली नाही. याचे कारण भौगोलिक आहे. माळावरील शिकार जमिनीवर धावते व जमिनीवरच पडते. पाण्यात काम करणाऱ्या कुत्र्यांच्या नामांकित जाती जेथे उदयास आल्या, तेथे समुद्रावरील मासेमारी किंवा पाणथळ जागेतील बदकांची शिकार हा उपजीविकेचा अथवा करमणुकीचा मोठा भाग होता. सह्याद्रीत सांबराला पाण्यात रेटून त्याची शिकार करणारा प्राणी आहे. परंतु तो म्हणजे कोळसून, अर्थात रानकुत्रा. तो कधीही माणसाळला गेला नाही.

मुळशीच्या डोंगराळ भागात मात्र आणखी एक कुत्रा होता, ज्याला जातीचे नाव कधीच मिळाले नाही. कातकऱ्यांबरोबर लहान शिकारीस जाणारा आणि धनगरांच्या वाड्यावर बिबट्यापासून गुराढोरांची राखण करणारा हा गावठी कुत्रा. मध्यम बांधा, आखूड केस, उभे कान, थोडक्या अन्नावर तग धरण्याची शक्ती आणि पावसाळी हवेतील रोगांना तोंड देण्याची क्षमता ही त्याची वैशिष्ट्ये. त्याची वंशावळ कोणी लिहून ठेवली नाही, म्हणून तो ‘जात’ ठरला नाही. कामाच्या दृष्टीने तो कोणत्याही नोंदणीकृत शिकारी कुत्र्यापेक्षा कमी नव्हता.

न्यूफाउंडलंडचा जलश्वान

लॅब्राडोर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुत्र्याचे मूळ लॅब्राडोर प्रांतात नसून त्याच्या दक्षिणेस असलेल्या न्यूफाउंडलंड या बेटावर आहे. सोळाव्या शतकापासून युरोपीय कोळी कॉड माशासाठी या बेटाच्या किनाऱ्यावर येऊ लागले. त्यांच्या जहाजांबरोबर आलेल्या निरनिराळ्या कुत्र्यांच्या संकरातून तेथे आखूड व दाट केसांचा, काळ्या रंगाचा, मध्यम आकाराचा एक कामकरी कुत्रा तयार झाला. बेटावरील मुख्य बंदराच्या नावावरून त्याला सेंट जॉन्सचा कुत्रा म्हटले जाई. गळातून निसटलेला मासा पकडणे, जाळ्याच्या दोऱ्या दातांत धरून किनाऱ्याला ओढून आणणे आणि होडीतून पाण्यात पडलेली वस्तू परत आणणे, अशी त्याची कामे होती. बर्फाळ पाण्यात दिवसभर वावरायचे असल्याने त्याच्या अंगावर दुहेरी केस असत. आतील थर मऊ व दाट, तर बाहेरचा थर राठ व तेलकट असे; त्यामुळे पाणी कातडीपर्यंत पोहोचत नसे. पाणवल्हे म्हणून उपयोगी पडणारे, बोटांमध्ये पडदा असलेले पंजे आणि सुकाणूसारखी जाड शेपटी ही त्याची शारीरिक वैशिष्ट्येही याच कामाशी निगडित होती.

न्यूफाउंडलंडचा वाळवलेला मासा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पूल या बंदरात उतरत असे. त्या जहाजांबरोबर आलेली ही कुत्री तेथील जमीनदारांच्या नजरेस पडली. कर्नल पीटर हॉकर यांनी १८१४ साली प्रसिद्ध केलेल्या शिकारविषयक ग्रंथात या कुत्र्याची प्रशंसा केली आहे. माम्सबरीचे अर्ल आणि बक्लूचे ड्यूक या दोन सरदार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांची पैदास केली. १८८० च्या दशकात माम्सबरी घराण्याकडून नेड व एव्हॉन हे दोन नर बक्लू घराण्याकडे गेले. आजच्या लॅब्राडोर जातीचे मूळपुरुष म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

येथे कामाचे स्वरूप बदलले, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. कोळ्यांचा मासे आणणारा कुत्रा आता सरदारांसाठी बंदुकीने पाडलेली बदके व तित्तर आणू लागला. एकोणिसाव्या शतकात बंदुका सुधारल्याने एका दिवसात पडणाऱ्या पक्ष्यांची संख्या वाढली व ते शोधून आणणाऱ्या कुत्र्याची गरजही वाढली. ‘रिट्रीव्हर’ म्हणजे शोधून परत आणणारा. नुसते शोधणे पुरेसे नव्हते; पक्ष्याला दात न लावता तो मालकाच्या हाती देणे आवश्यक होते. स्वतः भुकेला असताना तोंडातील शिकार न खाता परत आणून देणारा कुत्रा निवडून पैदास करणे, हे या जातीच्या घडणीतील निर्णायक पाऊल होय.

ज्या बेटावर या कुत्र्याचा जन्म झाला, तेथे मात्र त्याची उपेक्षा झाली. १८८५ साली न्यूफाउंडलंडमध्ये मेंढ्यांच्या संरक्षणार्थ कायदा करण्यात येऊन कुत्रे पाळण्यावर बंधने आली. पुढे इंग्लंडमध्येही बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांसाठी विलगीकरणाचे कडक नियम झाले. या कारणांमुळे सेंट जॉन्सचा कुत्रा हळूहळू कमी होत गेला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो पूर्णपणे नष्ट झाला. मूळ कामकरी कुत्रा नाहीसा झाला व त्याचा सरदारांघरी वाढलेला वंशज जगभर पसरला, असा हा इतिहास आहे.

नोंदवहीतील जात आणि तिचा भारतातील प्रवेश

इंग्लंडच्या केनेल क्लबने १९०३ साली लॅब्राडोर रिट्रीव्हर या जातीस स्वतंत्र मान्यता दिली. अमेरिकेतील मान्यता १९१७ सालची आहे. पिवळ्या रंगाचा पहिला नोंदलेला कुत्रा १८९९ साली जन्मला. तोपर्यंत काळा रंगच खरा मानला जात असे. मान्यता याचा अर्थ असा की, यापुढे नोंदवहीत ज्याचे आईबाप आहेत तोच त्या जातीचा. आज आपण ‘शुद्ध जात’ म्हणतो ती कल्पना या नोंदवहीतून आलेली आहे व ती जेमतेम दीडशे वर्षांची आहे. दख्खनच्या कारवानी कुत्र्याची ओळख गावोगावच्या जाणकारांच्या नजरेत होती, कागदावर नव्हती. वसाहतकाळात युरोपीय जातींबरोबर कागदाची ही कल्पनाही भारतात आली. छावण्या, संस्थानिकांचे महाल आणि नंतर शहरी मध्यमवर्ग या क्रमाने विदेशी कुत्रा येथे रुजला व देशी कुत्रा ‘बेवारशी’ या एकाच शब्दात गोवला गेला.

स्वातंत्र्योत्तर काळात शिकारीच्या परंपरेस कायद्याने पूर्णविराम दिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर कठोर नियंत्रण आणले; परंतु काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाने देण्याची तरतूद त्यात शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीने ही परवान्यांची पद्धत बंद केली. संस्थानिकाचा कारवानी, कातकऱ्याचा गावठी कुत्रा आणि साहेबाचा रिट्रीव्हर या तिघांचेही मूळ काम अशा रीतीने संपुष्टात आले. वन्यजीवांच्या दृष्टीने हा निर्णय आवश्यक होता, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु त्यानंतर या तिघांच्या वाट्याला आलेले भवितव्य सारखे नव्हते. लॅब्राडोरला नवीन काम मिळाले, मुधोळला उशिरा सन्मान मिळाला आणि मुळशीच्या गावठी कुत्र्याला यांपैकी काहीच मिळाले नाही.

शिकारीकडून तपासाकडे : पुण्यातील प्रशिक्षण

लॅब्राडोरला मिळालेले नवीन काम म्हणजे नाकाचे काम. मुंबई पोलिसांचे श्वानपथक १९५९ साली तीन डॉबरमन कुत्र्यांसह सुरू झाले. त्या काळी गुन्हेगाराचा माग काढणे हे पथकाचे प्रमुख कार्य होते. १९९० च्या दशकात स्फोटके शोधण्याची गरज तीव्र झाली आणि लॅब्राडोरचे महत्त्व वाढले. गर्दीत न बिथरणारा, अनोळखी माणसावर न भुंकणारा, सापडलेल्या वस्तूला तोंड न लावता केवळ जागा दाखवून थांबणारा कुत्रा या कामासाठी हवा होता. बदक न चिरडता आणून देण्याची जी सवय सरदारांनी पैदाशीतून पक्की केली होती, तिचाच हा नवीन उपयोग होता.

या संदर्भात ‘झंजीर’ या लॅब्राडोरचे उदाहरण महाराष्ट्रास सुपरिचित आहे. पुणे येथील गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात त्याचे शिक्षण झाले व डिसेंबर १९९२ मध्ये तो मुंबईच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात दाखल झाला. लगेच मार्च १९९३ मध्ये मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या काळात त्याने शोधून दिलेल्या साठ्यांत ३,३२९ किलोग्रॅम आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे यांचा समावेश असल्याची नोंद प्रसिद्ध आहे. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याचे वय अवघे आठ वर्षांचे होते. पोलीस इतमामात त्याला निरोप देण्यात आला. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांनी घडविलेला कुत्रा पुण्यात शिकून मुंबईकरांचे प्राण वाचवितो, ही घटना जातीच्या इतिहासातील एक सलग धागा दाखविते. काम बदलले, तथापि कामामागील वृत्ती तीच राहिली.

स्वभावाची चिकित्सा

लॅब्राडोर हा प्रेमळ, समंजस व लहान मुलांत रमणारा कुत्रा आहे, असे सर्वत्र सांगितले जाते. ते बहुतांशी खरे आहे. परंतु त्यामागील कारणे पाहिल्यास या वर्णनाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. शिकारीच्या दिवशी अनेक मालक व अनेक कुत्री एकत्र असत. भांडखोर कुत्रा तेथे निरुपयोगी ठरे. म्हणून मिळून मिसळून वागण्याचा गुण पैदाशीत जपला गेला. तोंडात काही ना काही धरून आणण्याची सवय हे त्याचे मूळ काम आहे. घरातील चपला व मोजे पळविणे हा खोडकरपणा नसून त्या कामाचा अवशेष आहे. पाणी दिसताच त्यात उडी घेण्याची ओढही तशीच. राखणदार म्हणून मात्र हा कुत्रा फारसा उपयोगी नाही, कारण अनोळखी माणसाविषयी संशय बाळगणे हे त्याच्या कामात कधीच नव्हते. शेतघराच्या राखणीसाठी लॅब्राडोर ठेवणाऱ्या मालकाने हे आधीच जाणून घेतलेले बरे.

या जातीच्या स्वभावाचा सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे तिची भूक. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सुमारे चतुर्थांश लॅब्राडोर कुत्र्यांत ‘पीओएमसी’ नावाच्या जनुकाचा एक छोटा तुकडा गळालेला असतो. खाल्ल्यानंतर तृप्तीचा संदेश देण्याचे कार्य या जनुकाशी संबंधित असल्याने अशा कुत्र्याला पोट भरल्याची जाणीव पुरेशी होत नाही. अपंगांच्या मदतीसाठी प्रशिक्षित केलेल्या लॅब्राडोर कुत्र्यांच्या तपासलेल्या गटात हेच प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश आढळले. त्याच संशोधकांच्या २०२४ मधील अभ्यासात असेही दिसले की, हा बदल असलेली कुत्री विश्रांतीच्या अवस्थेत सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा खर्च करतात.

या निष्कर्षांचा ऐतिहासिक अर्थ लक्षणीय आहे. खाऊच्या बक्षिसावर शिकविले जाणारे कुत्रे अधिक भुकेले असेल, तर ते अधिक लवकर शिकते. म्हणजे ज्या गुणामुळे हा कुत्रा उत्तम मदतनीस ठरतो, तोच गुण काम नसलेल्या घरात त्याला लठ्ठ व आजारी बनवितो. बर्फाळ पाण्यात दिवसभर राबणाऱ्या शरीरास भूक व काटकसर दोन्ही हिताची होती. हिंजवडीच्या सदनिकेत दिवसाचे दहा तास एकट्याने घालविणाऱ्या त्याच्या वंशजास त्या अपायकारक ठरतात.

मुळशीतील परिस्थिती

मुळशी तालुक्याचा आधुनिक इतिहास पाण्याशी जोडलेला आहे. मुळा नदीवर टाटांच्या कंपनीने वीजनिर्मितीसाठी योजिलेल्या धरणास विरोध करण्याकरिता १९२१ ते १९२४ या काळात मुळशीचा सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने मिळवून दिली. सत्याग्रहास अपयश आले, मावळातील अनेक गावे व भाताची खाचरे बुडाली आणि जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या कड्याखाली भिरा येथील वीजगृहाकडे वळविण्यात आले. ज्या काठावर विस्थापितांच्या वाड्या होत्या, त्याच काठावर पुढे शहरातील लोकांची सुट्टीची घरे उभी राहिली. तालुक्याच्या पूर्व भागात माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे मोठी लोकवस्ती वाढली. कुत्रा पाळणे ही येथे आता राखणीची गरज नसून कुटुंबाच्या भावनिक जीवनाचा भाग झाला आहे.

या बदलाचे दोन परिणाम दिसतात. एक म्हणजे लॅब्राडोर जातीस वर दाखविलेल्या स्वभावाच्या विरुद्ध जीवन जगावे लागते. सदनिकेत व्यायाम अपुरा असतो, तर शेतघरात आठवड्यातील पाच दिवस सहवासच नसतो. पाणी जवळ असूनही ते त्याच्या वाट्याला क्वचितच येते. दुसरा परिणाम असा की, गावठी कुत्र्यास काम व धनी दोन्ही राहिलेले नाहीत. पर्यटकांच्या उष्ट्यावर जगणारी टोळकी हे त्याचे आजचे रूप आहे. ताम्हिणी परिसरास २०१३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे. मोकाट अथवा मोकळे सोडलेले पाळीव कुत्रे अशा अरण्यात लहान वन्यप्राण्यांना उपद्रव देतात, डिस्टेंपर व रेबीजसारखे रोग पसरवू शकतात आणि स्वतः बिबट्याचे भक्ष्यही होतात. त्यामुळे कुत्र्याच्या संगोपनाचा प्रश्न येथे खाजगी राहत नाही.

संगोपन : इतिहासाधारित काही सूत्रे

(१) आहार. प्रौढ नराचे वजन साधारणतः २९ ते ३६ किलोग्रॅम व मादीचे २५ ते ३२ किलोग्रॅम असावे. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, परंतु हाताला सहज लागाव्यात, ही सोपी कसोटी होय. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, २५ टक्के कमी अन्न दिलेल्या गटाचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे आढळले. सांधेदुखीही पहिल्या गटात उशिरा उद्भवली. म्हणून अन्न मोजून द्यावे व मागितले म्हणून देऊ नये. कांदा, द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट हे पदार्थ कुत्र्यास विषारी असल्याने सणासुदीच्या दिवसांत विशेष दक्षता घ्यावी.

(२) उष्णता. थंड पाण्यासाठी घडलेली दुहेरी केसांची शाल पुणे जिल्ह्याच्या एप्रिल-मे महिन्यांत त्रासदायक होते. फिरणे पहाटे व सूर्यास्तानंतर असावे. केस पूर्ण कापू नयेत. ते उन्हापासून संरक्षणही करतात. वारंवार साबणाने न्हाऊ घातल्यास केसांचा तेलकट थर नष्ट होतो.

(३) पाणी. पोहणे हा या जातीसाठी सर्वोत्तम व्यायाम आहे, कारण त्यात सांध्यांवर भार पडत नाही. तथापि जलाशयाचे काठ गाळाचे व निसरडे असतात आणि पाण्याची पातळी बदलत राहते. म्हणून उथळ, परवानगी असलेल्या जागी, लांब दोरीने बांधून व माणसाच्या देखरेखीतच पोहू द्यावे. हिरवा तवंग आलेले साचलेले पाणी टाळावे. लोंबत्या कानांत ओल राहून संसर्ग होतो; म्हणून पोहून झाल्यावर कान कोरडे करणे ही नित्याची बाब मानावी.

(४) पावसाळा व रोग. मुळशीचा पश्चिम भाग हा अतिवृष्टीचा प्रदेश आहे. साचलेल्या पाण्यातून व उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस माणसालाही होतो. रेबीज, डिस्टेंपर व पार्व्हो यांबरोबर त्याचीही लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी. गवतातून येणाऱ्या गोचिडांमुळे होणारा ताप जीवघेणा ठरू शकतो; त्यासाठी फिरून आल्यावर कान, मान व बोटांच्या बेचक्या रोज तपासाव्यात.

(५) काम. वस्तू लपवून ती वासावरून शोधावयास लावणे, फेकलेली वस्तू पाण्यातून अथवा गवतातून आणावयास लावणे यांसाठी दिवसातील अर्धा तास पुरतो. ज्या कुत्र्यास हे काम मिळते, तो घरातील वस्तूंचा नाश सहसा करीत नाही.

(६) निवड. २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार पैदास करणाऱ्याची नोंदणी आवश्यक असून आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलू विकता येत नाही. पिलाच्या आईबापांच्या खुब्याच्या सांध्याची तपासणी झाली आहे काय, हे विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. ज्या घरात दिवसभर कोणी नसते, तेथे लॅब्राडोर न आणणे हाच खरा प्राणिप्रेमाचा निर्णय ठरेल. शेतघरासाठी कुत्रा हवा असल्यास, तेथील हवेत रुळलेला गावठी कुत्रा लसीकरण व निर्बीजीकरण करून पाळणे अधिक युक्त होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, दख्खनच्या भूमीने नजरेने शिकार करणारा कुत्रा घडविला, तर उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्याने लॅब्राडोर घडविला. दोन्हींची शरीररचना व स्वभाव त्या त्या भूगोलातील श्रमाचे फलित आहेत. दुसरा, ‘शुद्ध जात’ ही निसर्गाने ठरविलेली श्रेणी नसून नोंदवहीने निर्माण केलेली आहे. त्यामुळे नोंद नसलेल्या गावठी कुत्र्याचे मोल कमी ठरत नाही. तिसरा, शिकार बंद झाल्यानंतर लॅब्राडोरने पुण्यातील प्रशिक्षणाच्या आधारे समाजास मोठे योगदान दिले. परंतु हे योगदान त्याच्या जुन्या वृत्तींचाच नवा उपयोग होता. चौथा, भूक, पाण्याची ओढ व सहवासाची गरज या तीन वृत्तींना जेथे स्थान नाही, तेथे या जातीचे आयुष्य घटते आणि तिचे हाल होतात.

मुळशी तालुक्यातील ग्रामपंचायती, गृहनिर्माण संस्था, पशुवैद्यकीय दवाखाने आणि महाविद्यालये यांनी एकत्र येऊन लसीकरण, निर्बीजीकरण व पालक-मार्गदर्शन यांचा कार्यक्रम आखल्यास पाळीव व गावठी या दोन्ही कुत्र्यांचे आणि अरण्यातील वन्यजीवांचेही हित साधेल. महाविद्यालयीन राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना अशा कार्यात सहज सहभागी करून घेता येईल. इतिहास विभागाने त्याच बरोबर धनगर व कातकरी समाजातील वृद्धांकडून गावठी शिकारी कुत्र्यांविषयीच्या मौखिक आठवणी नोंदवून ठेवल्या पाहिजेत. त्या कुत्र्यांची नोंदवही कोणी केली नाही. त्यांना ओळखणाऱ्या पिढीबरोबर त्यांचा इतिहासही नष्ट होऊ नये, ही जबाबदारी आता आपल्यावर आहे.